खिचडीनं काय लपवलं?

एकादशी, चतुर्थी, नवरात्र असं काही जवळ आलं की फोनवर एक यादी हमखास येते. ‘हे पदार्थ तुम्हाला हलके वाटतात, पण...’ यादीत पहिला नंबर बहुतेक वेळा साबुदाण्याच्या खिचडीचा. मागोमाग मूठभर शेंगदाणे, सुकामेवा, नारळाची चटणी, खाकरा, चिवडा, फळांचा ज्यूस, ग्रॅनोला, मध. प्रत्येकासमोर एक आकडा आणि आकड्याशेजारी डोळे विस्फारलेला इमोजी. यादीचं सगळं बळ त्या ‘पण’मध्ये असतं. तुम्हाला वाटत होतं एक, निघालं भलतंच, म्हणजे इतके दिवस कुणीतरी तुम्हाला गंडवत होतं. कोण, ते यादी सांगत नाही. वर फोटो मात्र खिचडीचा असतो.

आकडा खोटा नसतो, हे आधीच मान्य करून टाकू. घरच्या एका डिशचा हिशेब करून बघा. ५० ग्रॅम कोरडा साबुदाणा, त्याच्या साधारण १७५ कॅलरी. ३० ग्रॅम दाण्याचं कूट (आमच्या घरच्या मानाने हा हात आखडताच झाला), त्याच्या १७०. एक मोठा चमचा तूप, १३०. अर्धा बटाटा, ४०. मिरची, जिरं, कोथिंबीर, लिंबू यांचं काही धरायला नको. बेरीज ५००च्या थोडी वर जाते. तीस ग्रॅम पिठाची, तेल-तूप न लावलेली एक पोळी १००च्या आसपास असते. म्हणजे उपासाच्या एका डिशमध्ये पाच पोळ्यांची ऊर्जा आहे, आणि बरोबरचं दही, चारला खाल्लेले बटाट्याचे वेफर्स, रात्रीची भगर-आमटी अजून हिशेबात आलेली नाहीत. जाता जाता सांगतो, खाण्याच्या पाकिटावर जिला कॅलरी म्हणतात ती खरं तर किलोकॅलरी, एक लिटर पाण्याचं तापमान एक अंशाने वाढवणारी उष्णता. ५०० म्हणजे पाच लिटर बर्फगार पाणी उकळीला आणण्याइतकी. एका डिश खिचडीत एवढा जाळ असतो हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर मला भौतिकशास्त्र लवकर आवडलं असतं.

हे आश्चर्य येतं कुठून? बरंचसं पाण्यातून. डोळ्याला आकार कळतो, ऊर्जा कळत नाही. १०० ग्रॅम द्राक्षांत ७०च्या आसपास कॅलरी असतात. त्याच द्राक्षांचे तासगावला बेदाणे झाले की १०० ग्रॅममध्ये ३००. साखर कुणी घातली नाही, पाणी तेवढं उडालं. ओलं खोबरं साडेतीनशे, सुकं खोबरं सहाशेच्या वर. खाकरा म्हणजे पाणी काढून घेतलेली पोळीच, पण कुरकुरीत असल्यामुळे मनात ती पापडाच्या खात्यात जमा होते. चुरमुरे उलटे फसवतात, आत हवाच जास्त, म्हणून भांडंभर दिसतात आणि वजन काहीच नसतं; मग त्यांच्यावर शेव पडते आणि शेव १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या घरात असते. आणि तेल-तूप तर सगळ्यात बिलंदर. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे पिठाच्या, साखरेच्या, प्रथिनांच्या दुपटीहून जास्त, आणि जागा अगदी थोडी. कढईत पडलं की कुटात, रव्यात, वांग्यात शिरतं आणि दिसेनासं होतं.

‘दिसेनासं होतं’ असं मी सहज लिहून गेलो. पण कुणाला? कढईसमोर उभं असलेल्या माणसाला ते चांगलंच दिसलेलं असतं. आईने बरणीत चमचा घातला, तूप बाहेर काढलं, कढईत सोडलं, साबुदाणा कढईला धरतोय असं वाटल्यावर कडेने आणखी थोडं सोडलं. यात लपवाछपवी कुठेच नाही. ओट्याजवळ उभं राहिलेल्या कुणालाही दिसेल असं सगळं घडलं. मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर होतो, म्हणून मला दिसलं नाही. डिश हातात आली तेव्हा ती पांढरी, मऊ, मोकळी, वरून खोबरं-कोथिंबीर पेरलेली होती आणि मला ती हलकी वाटली.

आता ऑफिसच्या पॅन्ट्रीत मिळणारं ‘मल्टिग्रेन’ चिप्सचं पाकीट घ्या. पुढच्या बाजूला गव्हाची लोंबी, हिरवा रंग, ‘बेक्ड’ हा शब्द. मागच्या बाजूला बारीक अक्षरात एका सर्व्हिंगच्या कॅलरी, आणि सर्व्हिंग ३० ग्रॅमची. पाकीट त्याच्या कितीतरी पट मोठं. ३० ग्रॅम चिप्स खाऊन पाकीट दुमडून ठेवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि पाकीट बनवणाऱ्यांनीही पाहिलेला नसावा. इथेही आकडा कळल्यावर आश्चर्य वाटतं, पण त्या आश्चर्यावर कुणीतरी काम केलेलं असतं. रंग निवडलेला असतो, शब्द निवडलेला असतो, सर्व्हिंगचं वजन निवडलेलं असतं. तुम्हाला हलकं वाटावं यासाठी पगार घेणारी माणसं असतात.

माझा मुद्दा एवढाच आहे. ही दोन आश्चर्यं दिसायला एकसारखी असली तरी त्यांची जात वेगळी आहे. एकात कुणीतरी लपवलं. दुसऱ्यात कुणीच लपवलं नाही, आपण बघायचं सोडलं. फोनवरची यादी दोघांना एका ओळीत बसवते, खिचडी चौथ्या नंबरवर आणि ग्रॅनोला पाचव्या, आणि त्या ओळीत बसल्याबरोबर ग्रॅनोलावाल्याचा दोष आईच्या वाट्याला अर्धा येतो. ‘अगं आई, तुला माहितीय का यात किती कॅलरी असतात?’ हे वाक्य घराघरात ज्या सुरात बोललं जातं तो सूर ऐका. तो माहिती देणाऱ्याचा नसतो. चोरी पकडणाऱ्याचा असतो.

यावर मी जरा जास्त विचार करतो कारण माझं पोट त्यावर चालतं. मी ज्या कंपनीत आहे तिच्या अ‍ॅपमध्ये लोक दिवसभर खाल्लेलं नोंदवतात. माझं काम मागच्या बाजूचं, डेटाबेस आणि सर्च. कुणी ‘साबुदाणा खिचडी, १ वाटी’ असं टाइप केलं की काय उत्तर जावं ते. आणि ‘वाटी’पाशीच सगळं अडतं. आमटीची वाटी वेगळी, लहान मुलाची वाटी वेगळी, हॉटेलात थाळीत येते ती तर अंगठ्याएवढी. प्रोग्रॅमला ग्रॅम लागतात. शिवाय कूट किती, तूप किती, बटाटा उकडलेला की तळलेला, हे घराघरात बदलतं. एकाच नावाचा पदार्थ साडेतीनशेपासून सहाशेपर्यंत कुठेही असू शकतो. घरगुती पदार्थांसमोर एक आकडा न दाखवता असा पल्ला दाखवावा, असं मी एकदा सुचवलं होतं. उत्तर आलं की वापरणाऱ्यांना अनिश्चितता आवडत नाही. खरं आहे, मलाही आवडत नाही. दिवसाची बेरीज हिरवी की लाल हे सांगायचं तर आत एकच आकडा जावा लागतो.

पाकिटाचं तसं नाही. बारकोड स्कॅन करा, आकडा आला, शेजारी ‘पडताळलेलं’ची हिरवी खूण. मेसच्या उसळीसमोर ती खूण कधीच येत नाही. उसळ वाईट असते म्हणून नव्हे, उसळीला बारकोड नसतो म्हणून. पण रोज तो स्क्रीन बघणाऱ्या माणसाला हा फरक कळतोच असं नाही. माझी मामेबहीण १९ वर्षांची आहे, पुण्यात हॉस्टेलवर राहते आणि गेले काही महिने रात्री मेसमध्ये न जाता पाकिटातला बार खाते. मी विचारलं तर म्हणाली, ‘दादा, हा १७० आहे. नक्की. मेसच्या काकू मटकीत किती तेल घालतात देव जाणे.’ तिचं म्हणणं मूर्खपणाचं नाही. तिला हातात धरायला काहीतरी पक्कं हवं आहे आणि बार ते देतो. मटकी, कांदा, पोळी देऊन तिने साखरेच्या पाकात चिकटवलेले ओट्स घेतले, आणि त्या सौद्यात तिला जे मिळालं ते खाणं नव्हतंच, खात्री होती.

आणि ती खात्रीही जेवढी वाटते तेवढी पक्की नसते. अमेरिकेत पाकिटावरच्या छापील कॅलरींपेक्षा प्रत्यक्षातल्या २० टक्क्यांपर्यंत जास्त निघाल्या तरी कायद्याला चालतं. तिथल्याच कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२मध्ये माणसांना खरोखर बदाम खायला घालून मोजलं, तेव्हा २८ ग्रॅम बदामांतून शरीराला मिळालेली ऊर्जा १२९ कॅलरी निघाली. नेहमीच्या सूत्राने ती १७०च्या आसपास येते. अख्खा बदाम नीट चावला जात नाही, पेशींच्या आतलं काही तेल तसंच बाहेर जातं. शेंगदाण्याचंही तसंच, अख्खे दाणे खाल्ले तर त्यांतलं काही तेल हाती लागत नाही, बारीक वाटले की जास्त लागतं. म्हणजे आकडा दाण्यांत असतो तितकाच दातांत आणि मिक्सरमध्येही असतो. हे कुठल्या पाकिटावर छापणार?

कॅलरी मोजायला सुरुवात झाली ती मुळात उलट्या काळजीतून. विल्बर अ‍ॅटवॉटर हा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ १८९०च्या दशकात कनेक्टिकटमधल्या मिडलटाउनला एका बंद खोलीत माणसांना काही दिवस ठेवायचा आणि ते किती खातात, किती उष्णता बाहेर टाकतात ते मोजायचा. पिष्ट पदार्थांना ४, स्निग्धाला ९, प्रथिनांना ४ हे जे गुणक आजही प्रत्येक अ‍ॅपच्या पोटात आहेत (आमच्याही) ते त्याच्या कामातून आले. त्याच्यापुढचा एक मोठा प्रश्न होता, मजुराच्या कुटुंबाने थोड्या पैशांत जास्तीत जास्त पोषण कसं विकत घ्यावं. त्याच्या हिशेबात जास्त कॅलरीचा स्वस्त पदार्थ म्हणजे चांगला पदार्थ. हे चित्र लवकरच उलटलं. १९१८मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांचं ‘डाएट अँड हेल्थ’ हे पुस्तक आलं आणि तुफान खपलं. त्यांनी वाचकांना सांगितलं की ब्रेडची एक स्लाइस असं म्हणू नका, १०० कॅलरी ब्रेड असं म्हणा. जमिनीची उंची मोजायला आणलेली पट्टी पंचवीसेक वर्षांत छताची उंची मोजू लागली.

आपल्याकडे ती जमिनीपाशी जास्त काळ राहिली. १८७६ ते ७८च्या दुष्काळात सर रिचर्ड टेम्पलने मद्रास आणि मुंबई इलाख्यात दुष्काळी कामांवरच्या पुरुषाची दिवसाची मजुरी ठरवली, ४५० ग्रॅम धान्य आणि वर एक आणा. बायकांना आणि मुलांना त्याहून कमी. तेव्हा ते कॅलरीत कुणी मोजलं नव्हतं, आपण मोजू शकतो. ४५० ग्रॅम धान्य म्हणजे साधारण १५०० ते १६०० कॅलरी. वजन कमी करायला निघालेल्या माणसाला अ‍ॅप्स अनेकदा याच्या आसपासचाच आकडा देतात. मी हे दोन आकडे पहिल्यांदा शेजारी ठेवले तेव्हा बराच वेळ बघत बसलो होतो. अर्थात तो मजूर दिवसभर दगड फोडत होता आणि मी दिवसभर खुर्चीत असतो. म्हणूनच म्हणतो, आकडा एकच आणि त्याचे अर्थ दोन, एकाला मारणारा आणि दुसऱ्याला बारीक करणारा. आकड्याला स्वतःला यातलं काही कळत नाही.

पुढे १९७१मध्ये, पुण्यातच, गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या गरिबीचा हिशेब मांडला तो माणशी रोज २२५० कॅलरी धरून. एवढं खायला मिळेल इतका ज्याचा खर्च नाही तो गरीब. १९६०-६१च्या किमतींना ग्रामीण भागात महिना माणशी १५ रुपये, शहरात साडेबावीस. १९७९मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यदलाने खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० कॅलरी धरल्या आणि पुढची कित्येक वर्षं देशाची दारिद्र्यरेषा त्याच्यावर उभी राहिली. ज्या शहरात बसून ‘एवढं तरी मिळायला हवं’ हा आकडा काढला गेला, त्याच शहरात माझी बहीण ‘एवढ्याच्या वर जायचं नाही’ हा आकडा सांभाळते आहे. मध्ये पन्नास-पंचावन्न वर्षं गेली.

आमच्या घरात ही दोन्ही टोकं एका ताटाला बसतात. आजी माण तालुक्यातली. ७२च्या दुष्काळात ती खडी फोडायला जात होती आणि तिथे सुकडी वाटायचे. सुकडीबद्दल तिच्या बोलण्यात गोडवा नाही, मिलोबद्दल तर नाहीच, पण सुकडी पोटाला आधार द्यायची हे ती अजून सांगते. थोडक्यात जास्त ऊर्जा, हा त्या खाण्याचा गुण होता. तिच्या तोंडी असलेला ‘पौष्टिक’ हा शब्द मला आता वेगळा ऐकू येतो. पौष्टिक म्हणजे ज्याने पुष्टी येते, अंग भरतं ते. डिंकाचे लाडू पौष्टिक, बाळंतिणीला, थंडीत, आजारातून उठलेल्याला. खारीक, खोबरं, डिंक, गूळ, तूप. त्या लाडवात पाण्याचा टिपूस नसतो, म्हणूनच तो पौष्टिक. आज आमच्या पिढीत ‘पौष्टिक’ म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा कमी कॅलरीचं असतं, सॅलड, भाजलेला मखाणा, पाण्यात उकडलेलं काहीतरी. शब्द तोच राहिला आणि आत बसलेला माणूस बदलला. आजी लाडू पुढे करते तेव्हा ती जुन्या अर्थाने बोलत असते, बहीण नव्या अर्थाने ऐकते, आणि मधल्यामध्ये लाडू डब्यात परत जातो.

एरवी ज्याला ती यादी ‘आश्चर्य’ म्हणते ते आजीला आश्चर्य वाटणं शक्यच नाही. दाणे जड असतात हे तिला माहीत आहे. दाण्यांचं जडपण जगाच्या पाठीवर इतरांनाही माहीत आहे: कुपोषित मुलांसाठी १९९०च्या दशकात फ्रान्समध्ये तयार झालेलं ‘प्लम्पी-नट’ हे पाकीट म्हणजे शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल. ९२ ग्रॅममध्ये ५०० कॅलरी. आपल्या खिचडीच्या डिशएवढ्या. ते पाकीट कुठल्या धक्कादायक यादीत कधी येणार नाही, कारण ते खाणाऱ्या मुलाकडे फोन नाही.

आणि उपासाचं म्हणाल तर तिथेही आश्चर्याला जागा नाही. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण कॅलरी हा शब्द ऐकलाही नसलेल्या लोकांनी केली. त्यांना सगळं कळत होतं. मला ती म्हण यादीपेक्षा आवडते, कारण म्हण म्हणणारा स्वतःही एकादशीला दुप्पटच खाणारा असतो. तो स्वतःला धरून हसतो. यादी करणारा बाहेर उभा असतो. शिवाय उपासाचा नियम ऊर्जेचा कधी नव्हताच, तो काय खायचं आणि काय नाही याचा होता. भात, गहू, डाळ नको, कंद चालेल, भगर चालेल. त्या नियमातही किती लवचीकपणा होता बघा. बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि ज्याचा साबुदाणा होतो तो टॅपिओकाचा कंद, चौघंही मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीज इकडे आल्यानंतरचे पाहुणे. साबुदाणा तर आजही बहुतेक तमिळनाडूतल्या सेलमहून येतो. इतकं सगळं परदेशी पोटात घालून उपास शाबूत राहिला, तो आकड्याने मोडेल असं मला वाटत नाही. आकडा फक्त एवढंच दाखवतो की या उपासाने वजन उतरणार नाही. पण वजन उतरवायला उपास करते असं आजी कधी म्हणाली होती? ७२ साली दोनदोन दिवस चूल पेटली नाही, त्याला ती उपास म्हणत नाही. त्याला आपल्या भाषेत उपासमार म्हणतात. दोन शब्दांत फरक केवढासा, पण एकात ताट स्वतः बाजूला सारायचं असतं आणि दुसऱ्यात ताटच नसतं. आधी ताट असावं लागतं.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल की हा माणूस आकड्यांवर जगतो आणि आकड्यांविरुद्ध लिहितो. तसं नाही. आईची साखर गेल्या वर्षी सीमारेषेवर आली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, तो रक्तातली साखर भराभर वाढवतो. हे मला माहीत असताना ‘खा गं, श्रद्धेचा प्रश्न आहे’ म्हणून गप्प बसणं मला भित्रेपणाचं वाटलं असतं. माहिती असणाऱ्यावर काहीतरी जबाबदारी येतेच. प्रश्न एवढाच की कुणाला, कधी आणि कुठल्या सुरात. जेवायला बसलेल्या माणसाच्या ताटावर आकडा फेकणं आणि दवाखान्यातून परतताना रिक्षात त्याबद्दल बोलणं, यांत माहिती तीच असते. तरी पहिल्यात माझा शहाणपणा मोठा होतो आणि दुसऱ्यात तिची तब्येत मोठी असते. ताटावर बोललेल्या आकड्याचा आणखी एक त्रास आहे, तो केवळ खाणाऱ्याला लागत नाही, वाढणाऱ्यालाही लागतो. सकाळी उठून जिने साबुदाणा मोकळा झाला की नाही हे चार वेळा बोटांनी बघितलं तिला तुम्ही सांगत असता की तू आम्हाला अपाय करतेस.

सांगण्याचं बंधन कुणावर असावं याचं एक उत्तर कायद्याने अर्धवट का होईना दिलं आहे. ज्या हॉटेल साखळीच्या दहा किंवा जास्त शाखा आहेत तिला २०२२पासून मेनूवर कॅलरी लिहाव्या लागतात. कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीला लागत नाहीत. काही मित्रांना हा पक्षपात वाटतो, वड्यात काय कमी तेल असतं का? मला यात एक न्याय दिसतो. गाडीवर कढई तुमच्यासमोर आहे, तेल दिसतं, वडा तेलातून निथळताना दिसतो, भाऊंना विचारलं तर ते सांगतीलही. साखळीचं स्वयंपाकघर तुम्हाला दिसत नाही, पदार्थ कुठल्या शहरात गोठवला ते माहीत नाही, आणि ‘लाइट’ हा शब्द मेनूवर लिहायला तिच्याकडे माणूस आहे. ज्याने पडदा लावला त्याने आकडा लिहावा. जुलै २०२५मध्ये समोसा-जिलबीवर सिगारेटसारखा इशारा छापणार अशी बातमी फिरली आणि तसं काही नाही, कामाच्या ठिकाणी तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं आहे, असा खुलासा सरकारला करावा लागला. त्या दोन दिवसांत जिलबीवर जेवढे विनोद झाले त्याच्या शतांशानेही पाकिटांच्या ‘सर्व्हिंग’वर कुणी बोललं नाही. जिलबीने आयुष्यात कधी आपण हलके आहोत असा दावा केलेला नाही. ती पाकातून निथळतच ताटात येते.

आई साबुदाण्याबद्दल स्वतःहून बोलली ती आषाढीच्या आठ दिवस आधी. फोनवर म्हणाली, ‘तुझ्या त्या अ‍ॅपात बघून सांग, मला किती चालेल?’ मी अ‍ॅपात बघितलं नाही. कूट किती घालतेस, तूप कुठला चमचा, असं तिलाच विचारत गेलो आणि ती सांगत गेली, मला एकही आकडा शोधावा लागला नाही, सगळे तिच्या हातात होते. ठरलं ते असं की भगर जास्त, साबुदाणा नावापुरता, बरोबर दाण्याची आमटी आणि काकडी. भगरीनेही साखर वाढते, तेव्हा तीही वाटीभरच, हे मी सांगितलं. ती म्हणाली, ‘मग उपास म्हणतात तो हाच की.’ आणि मग, जरा थांबून, ‘पण आजी येणार आहे त्या दिवशी. तिला मी खिचडी करणार, तुपातली. तिला तू काही शिकवायला जाऊ नकोस.’

आषाढीला बहीणही आली होती. आजीने तिच्यापुढे खिचडीची डिश ठेवली. तिने डिश हातात घेऊन जरा तोलली, जिभेवर आकडा आला होता हे मला दिसलं. आजी म्हणाली, ‘काय बघतीस? जड हाय. दानं घातल्यात.’ बहिणीने निम्मी खाल्ली आणि उरलेली माझ्या डिशमध्ये सरकवली. दुपारी दोघी ओट्यापाशी उभ्या होत्या, आजी मूठ भरून दाणे तव्यावर टाकत होती आणि बहीण विचारत होती, ‘एवढे लागतात?’